राखणदाराची जागा

मॅच दुपारी दोनची होती आणि ब्रॉडी पासिचनिक सकाळी नऊपासून आइस हॉकीच्या रिंकवर येऊन बसला होता. बसला होता कसला, फेऱ्या मारत होता. कपडे बदलायच्या खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. कोपऱ्यात म्हातारा ओरव्हिल स्केट्सच्या पात्यांना धार लावत होता. व्हेलन लेकच्या टीमचं सगळं सामानसुमान तोच बघायचा, गेली एकतीस वर्षं.

"जरा टेक की कुठेतरी," ओरव्हिल वर न बघता म्हणाला. "तुझ्याकडे बघून मला फिरल्यासारखं होतंय."

"उद्या दहा तारीख आहे."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

"कोच काही बोलला?"

"माझ्याशी तो फक्त टॉवेलबद्दल बोलतो."

ब्रॉडीने बाकाला एक लाथ घातली. बाक जुनं होतं, लाथा खाऊन निर्ढावलेलं, हललं पण नाही.

दहा जानेवारीला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत प्रत्येक टीमला आपली शेवटची यादी लीगकडे पाठवावी लागायची. तेवीस नावं. एकदा यादी गेली की मार्चपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. व्हेलन लेकची बावीस नावं पक्की होती. तेविसावं एकतर ब्रॉडीचं, नाहीतर दक्षिणेकडच्या हेन्ड्री नावाच्या कुठल्याशा पोराचं. हा हेन्ड्री म्हणे वाऱ्यासारखा पळायचा. ब्रॉडीने त्याचा व्हिडिओ सात वेळा बघितला होता. पळत होता साला. खोटं कशाला बोला.

ब्रॉडी अठरा वर्षांचा. उंची सहा फूट तीन इंच, दोन्ही हातांची बोटं वाकडी, आणि शाळा अकरावीत सोडलेली. गोल करण्यासाठी त्याला कुणी टीममध्ये घेतलं नव्हतं. त्याचं काम सोपं होतं. जोना क्लासनला कुणी हात लावला, की त्याने जाऊन हात लावणाऱ्याला विचारायचं, का रे बाबा? मग दोघांनी ग्लव्हज टाकायचे आणि भिडायचं. जोना सतरा वर्षांचा, काडीसारखा, पण बर्फावर असा सरकायचा की बघणाऱ्याने श्वास घ्यायचा विसरावा. मोठ्या शहरांतनं माणसं त्याला बघायला यायची. गावातली लोकं ब्रॉडीला राखणदार म्हणायची. तोंडावर राखणदार, आणि पाठीमागे काय म्हणायची ते ब्रॉडीला चांगलं ठाऊक होतं. त्याचे कान तिखट होते आणि डोळे त्याहून.

पण यंदा लीगने नवा नियम काढला होता. हंगामात दोन मारामाऱ्या चालतील. तिसरी केली की पाच मॅच घरी बसा. शिवाय ज्याने आधी हात उचलला, त्याच्या टीमने पाच मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळायचं. ब्रॉडीच्या दोन नोव्हेंबरातच संपल्या होत्या. त्या दोन्ही जोनासाठी.

आणि पाच मॅच घरी बसणाऱ्याचं नाव कुठला कोच तेविसावं म्हणून लिहील? मग ब्रॉडीला शहरात भावाच्या हाताखाली जावं लागणार, नव्या घरांच्या भिंतींना प्लास्टरच्या फळ्या ठोकायला. भाऊ वाट बघतच बसला होता. "तुझ्या मापाचा हातोडा घेऊन ठेवलाय," असा ख्रिसमसला मेसेज आला होता त्याचा, वर हसणारं तोंड.

बारा वाजता कोच आला. गार्थ मलव्हेनी. पोट सुटलेला, नाक दोनदा मोडलेला, तोंडात कायम च्युइंगम. त्याने ब्रॉडीला दारातच गाठलं.

"आज हात खिशात."

"हो कोच."

"रॅव्हन क्रीकची पोरं तुला डिवचणार. तू म्हणजे दगड. दगड काय करतो?"

"काही नाही करत."

"शाब्बास. आज मला दाखव की तू खेळतोस पण. मग उद्याचं बघू."

बघू. ह्या एका शब्दावर ब्रॉडी पुढचे दोन तास जगला.

*

मॅचआधी दोन्ही टीम सरावाला बर्फावर उतरतात. अर्धं मैदान ह्यांचं, अर्धं त्यांचं, मधली लाल रेषा कुणी ओलांडायची नाही. पण त्या रेषेला लागून एक जागा असते. तिथे दोन्हीकडचे दांडगे येऊन गुडघ्यावर बसतात, पाय ताणल्यासारखं करतात आणि एकमेकांकडे न बघता बोलतात. हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं.

रॅव्हन क्रीकचा वेड हालवर्सन आधीच येऊन बसला होता. लाल दाढी, मान बैलासारखी. नोव्हेंबरात ब्रॉडीच्या भुवईला चार टाके पडले होते ते ह्याच्यामुळे. मॅच संपल्यावर त्याने मेसेज करून विचारलं होतं, डोळा ठीक आहे ना रे?

"डोळा बरा दिसतोय," हालवर्सन बर्फाकडे बघत म्हणाला.

"तुझं नाक अजून तसंच आहे."

"ते जन्मापासून तसंच आहे, लेका. ऐक, एक होऊन जाऊ दे आज. पहिल्या पाच मिनिटांत. स्वच्छ. मोकळे होऊ."

"नाही जमणार. माझ्या दोन झाल्यात."

"माझ्या पण दोनच झाल्यात."

"मग कशाला तुला खाज?"

हालवर्सनने मान खाली घातली, पाय अजून ताणला. "आमचा कोच म्हणाला, हंगामभर तुला पोसलं, आता दाखव कशाला पोसलं ते. नाहीतर उद्याच्या यादीतनं कट. तो म्हणतो, पाच मॅचची सुट्टी लागली तर लागू दे, नंतर तरी कामाला येशील."

"माझा उलटं म्हणतो. हात उचललास तर कट."

"म्हणजे झालं, बोंबललं."

त्यांच्या मागनं जोना सुळकन निघून गेला. पक म्हणजे ती रबराची काळी चकती, ती त्याच्या स्टिकला डिंकाने चिकटवल्यासारखी.

"मी विनंती करतोय, यार," हालवर्सन म्हणाला. "मला बायको आहे. मेच्या अखेरीला बाळ येतंय. आमच्या खाणीत यादीतल्या पोरांनाच काम देतात."

"अभिनंदन. पण नाही."

"मग मला तुला उठवावं लागेल."

"प्रयत्न कर," ब्रॉडी म्हणाला आणि उठला. म्हणताना भारी वाटलं होतं. पुढे काय होणार हे कळायला अक्कल लागते, आणि ती त्याला नेहमी थोडी उशिरानेच यायची.

*

सहाव्या मिनिटाला जोना मैदानाभोवतीच्या फळ्यांच्या कडेने चकती घेऊन निघाला आणि हालवर्सनने त्याला खांद्याने असा उडवला की फळ्यांवरची काच वाजली. पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या हातातला फ्रेंच फ्राइजचा कागदी द्रोण उडाला, ग्रेव्हीसकट. खांद्याला खांदा, पाय बर्फावर, स्टिक खाली. नियमात बसणारी धडक. रेफरीने शिट्टी वाजवली नाही.

हालवर्सन वळला तो जोनाकडे न बघता सरळ व्हेलन लेकच्या बाकाकडे बघत. ब्रॉडीकडे.

ब्रॉडीचे हात शिवशिवायला लागले. त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले, शाळेत बाई दाबायला लावायच्या तसे.

"पासिचनिक! काय झोपलास का?" मागनं कुणीतरी ओरडलं. गावातलंच कुणीतरी. आवाज ओळखीचा होता, गावातल्या टायरच्या दुकानात ऐकलेला.

चौदाव्या मिनिटाला दुसरी. ह्या वेळी उघड्यावर, मधोमध. जोना बर्फावर पालथा पडला, हेल्मेट वाकडं झालं. ही पण नियमात बसणारी. हालवर्सनला काम येत होतं. त्याच्या मागनं रॅव्हन क्रीकचा प्रूडम सरकत गेला. बुटका, चपळ, पुढचा एक दात नाही, कायम हसरा. हा कधी मारामारी करायचा नाही. हा नुसता बोलायचा.

"ए राखणदार," प्रूडम बाकाजवळनं जाताना म्हणाला, "साखळी आखूड पडते का रे?"

ब्रॉडी अर्धा उठला. शेजारच्या पोराने त्याचा शर्ट मागनं ओढला.

पहिलं सत्र शून्य-शून्य संपलं. आत खोलीत जोनाने शर्ट वर केला. डाव्या बरगड्यांवर हाताएवढा लाल डाग, त्याच्या कडा आत्ताच निळसर व्हायला लागलेल्या. ओरव्हिलने बर्फाची पिशवी आणून दाबली. जोना दात आवळून गप्प होता. तो नेहमीच गप्प असायचा. दोघं मार्लिस नावाच्या बाईच्या घरात एकाच खोलीत राहायचे. टीमची बाहेरगावची पोरं अशीच गावातल्या घरांत वाटलेली असायची. चार महिन्यांत जोना ब्रॉडीशी जेवढं बोलला असेल तेवढं मार्लिसचं मांजर दिवसात बोलायचं.

"पुढच्या वेळी मी जातो," ब्रॉडी म्हणाला. "गेली खड्ड्यात यादी."

"नको."

"तुझ्या बरगड्या बघ जरा."

"बघितल्यात. त्या माझ्याच आहेत." जोनाने पिशवी सरकवली. "तुला अजून कळलं नाही? तो मला मारत नाहीये. तो तुला बोलावतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दाराची बेल आहे. तुला भेटायचंय म्हणून तो मला दाबतोय."

ब्रॉडीने सरकवलेली पिशवी उचलून परत जागेवर दाबली.

"ऑक्टोबरपासून असंच चाललंय," जोना म्हणाला. एकदा तोंड उघडलं तर थांबेना. "नियम बदलल्यापासून. सगळ्यांना माहितीये तुझं डोकं किती पटकन तापतं. मला ढकललं की तू उठतोस. तू उठलास की आपला एक माणूस पाच मिनिटं कमी. फुकटचा गोल. तू नसतास तर मला ढकलून त्यांना काय मिळालं असतं?"

"हे तू आत्ता सांगतोयस?"

"तुला सांगायची भीती वाटते."

"कसली भीती? मी तुला कधी हात लावलाय?"

"बघ, लगेच आवाज चढला."

ब्रॉडीने आवाज गिळला. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कुणावर काढायची हेच कळत नव्हतं. जोनावर? हालवर्सनवर? त्याच्या न जन्मलेल्या पोरावर? तो उठला, परत फेऱ्या मारायला लागला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी त्याला टेक म्हणालं नाही.

*

दुसऱ्या सत्रात ब्रॉडीला कोचने दोनदा बर्फावर उतरवलं. दोन्ही वेळा तो नेकीने खेळला. एकदा चकती अडवली, एकदा पास दिला, तो चक्क योग्य माणसाकडे गेला. पण दोन्ही वेळा जोना बाकावर होता आणि हालवर्सनसुद्धा. दोन्ही कोच वेगवेगळा हिशेब करत होते.

मग सत्र निम्म्यावर आलं असताना तिसरी धडक बसली.

ही सर्वांत जोराची. जोना फळीवर आपटून खाली घसरला आणि गुडघ्यांवरच राहिला, पोट धरून. लोकं उभी राहिली. नऊशे माणसं, म्हणजे सगळं गाव, एका सुरात ओरडायला लागली, "पासिच-निक! पासिच-निक!" हालवर्सन रेफरीकडे बघत नव्हता, जोनाकडे बघत नव्हता. तो ग्लव्हज सैल करून, बोटांच्या टोकांवर धरून, ब्रॉडीसमोर उभा होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. हे ब्रॉडीला इतक्या लांबून पण दिसलं. डोळ्यांत नुसती घाई होती, बस सुटत असलेल्या माणसासारखी.

आणि तेवढ्यात ब्रॉडीच्या खांद्यावर मागनं एक हात पडला.

दोनदा. हलकेच. थाप, थाप.

व्हेलन लेकमध्ये ह्या थापेचा अर्थ शेंबड्या पोराला पण माहिती होता. कोच कधी तोंडाने म्हणत नाही, जा, मार. तोंडाने म्हटलं तर त्याच्यावर शेकतं. तो नुसता मागनं येतो आणि खांद्यावर थोपटतो. पुढची पाळी तुझी. ब्रॉडीने गेल्या वर्षी ही थाप अकरा वेळा खाल्ली होती आणि अकरा वेळा गेला होता.

त्याने मान वळवली. कोच मलव्हेनी त्याच्याकडे बघतच नव्हता. घड्याळाकडे बघत च्युइंगम चघळत होता, जसं काही त्याचा हात त्याचा नव्हताच.

ब्रॉडीच्या डोक्यात सगळं एकदम स्वच्छ झालं. गावाला मारामारी पाहिजे, कोच देणार. ब्रॉडीच्या हातून. तिसरी. पाच मॅच. मग उद्या पाच वाजता कोच म्हणणार, काय करू, नियम आहे, मी तर त्याला हात खिशात ठेवायला सांगितलं होतं, सगळ्यांनी ऐकलं. आणि तेविसावं नाव हेन्ड्रीचं.

तो उठला. गर्दीने गर्जना केली. हालवर्सनचे ग्लव्हज गळून बर्फावर पडले.

ब्रॉडी वळला, पोरांच्या गुडघ्यांवरनं वाट काढत बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि दार ढकलून आतल्या बोळात शिरला.

"कुठे चाललास?" कोच.

"मी नसलो की तो बेल वाजवणार नाही."

"काय बोलतोयस? पासिचनिक! इकडे ये!"

गर्दीची गर्जना मध्येच तुटली. मग हुर्यो. एक कॉफीचा पेला त्याच्या पाठीवर येऊन फुटला. कॉफी अजून गरम होती. ह्या गावात पेले कोमट झाल्यावर फेकायची पद्धत होती, म्हणजे कुणीतरी खरंच मनापासून फेकला होता.

*

खोलीत ओरव्हिल टॉवेलच्या घड्या करत होता. ब्रॉडी बाकावर बसला आणि स्केट्सच्या नाड्या सोडायला लागला. सोडायला कसला, ओढून तोडायला.

"दुखलं कुठे?" ओरव्हिलने विचारलं.

"नाही."

"मग?"

"आलो निघून."

ओरव्हिलने हातातला टॉवेल खाली ठेवला. "बाक सोडून? मॅच चालू असताना?"

"तू पण सुरू नको होऊस."

"मी काही बोललो नाही. एकतीस वर्षांत असं कुणी केलं नाही, एवढंच."

भिंतीपलीकडनं आवाज येत होते. स्केट्सची खरखर, चकतीची टकटक, लोकांचा गलका. ब्रॉडीला आवाजावरून कळायचं काय चाललंय. एकदा लोकं हळूहळू चढत्या आवाजात ओरडली, म्हणजे जोना सुटला होता, मोकळा. आवाज शिगेला जाऊन पडला, म्हणजे थोडक्यात चुकलं. मग पुन्हा तसंच. पुन्हा सुटला. धडकेचा आवाज नाही, काचेचा आवाज नाही. ब्रॉडी काढलेल्या स्केट्सपैकी एक हातात धरून कान देऊन ऐकत होता. हायसं वाटत होतं, आणि हायसं वाटतंय म्हणून आतून जळत पण होतं. म्हणजे पोरगा बरोबर बोलला होता. म्हणजे ह्या सगळ्या वेळात, त्या टाक्यांसकट, वाकड्या बोटांसकट...

तेवढ्यात एक वेगळाच आवाज आला. कडक, छोटा. लाकूड हाडावर बसल्याचा. आणि नऊशे माणसं एकदम गप्प.

ब्रॉडी नुसत्या मोज्यांवर धावला. बोळाच्या तोंडाशी येऊन बघतो तर जोना बर्फावर आडवा, उजवं मनगट छातीशी धरलेलं, पाय झाडतोय. चकती पार दुसऱ्या टोकाला होती, सगळे तिकडे बघत होते, आणि इकडे रेफरीच्या पाठीमागे प्रूडम स्टिक खांद्यावर टाकून, मी नाही त्यातला, असा सरकत चालला होता. दात नसलेल्या जागेतनं हसत.

"प्रूडम!" ब्रॉडी ओरडला. घसा फाटला. "अरे ए भडव्या!"

"कुठे गायबलास, राखणदार?" प्रूडम लांबूनच म्हणाला. "शू लागली होती?"

ब्रॉडी फळीवर पाय टाकून चढला. खाली बर्फ आणि पायात मोजे. ओरव्हिलने मागनं त्याच्या शर्टाचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि लोंबकळला, म्हातारा साठ किलोचा पण चिवट.

आणि मग जे झालं ते व्हेलन लेकमध्ये आधी कुणी बघितलं नव्हतं. हालवर्सन आला. ज्याने दिवसभर जोनाला धडका दिल्या तो हालवर्सन, समोरनं आला आणि त्याने आपल्याच टीमच्या प्रूडमची गचांडी धरली. शर्ट मुठीत गोळा करून त्याला फळीवर दाबला.

"मनगटावर?" तो ओरडत होता. "मागनं? मनगटावर?"

"सोड! मी तुझ्याच टीमचा आहे, येड्या!"

"त्याचीच तर लाज वाटते!"

दोन्ही रेफरी धावले. रॅव्हन क्रीकचा कोच बाकावर उभा राहून शिव्या देत होता, प्रूडमला नाही, हालवर्सनला. आणि ब्रॉडी फळीवर एक पाय टाकून तसाच उभा होता, शर्टाला म्हातारा लटकलेला. ह्या सगळ्यात कुणालाच त्याची गरज नव्हती. कोच मलव्हेनीने एकदा वळून त्याच्या मोज्यांकडे बघितलं आणि परत तोंड फिरवलं.

*

सत्र संपल्यावर डॉक्टरने बोळातच जोनाचं मनगट चाचपलं. दाबायच्या आधीच जोना ओरडला.

"मोडलंय. फोटो काढावा लागेल, पण मी सांगतो, मोडलंय. सहा आठवडे."

कोचने च्युइंगम थांबवलं. सहा आठवडे म्हणजे फेब्रुवारी संपत आला. मग तो ब्रॉडीकडे वळला.

"त्याला हॉस्पिटलला तूच घेऊन जा. तसंही तू काही करत नाहीयेस."

"कोच, तुम्ही मला थोपटलंत."

"मी सगळ्यांना थोपटतो."

"दोनदा. तुम्हाला माहितीये दोनदाचा अर्थ काय."

"हात खिशात ठेव म्हणालो होतो की नाही? इथे कुणी ऐकलं नाही?" कोचने आजूबाजूला बघितलं. ओरव्हिलने टॉवेल उचलला आणि त्याचीच घडी परत घालायला लागला. "ते जाऊ दे. तू बाक सोडलंस. त्याचं पण मी काही मनात ठेवलं नसतं. खरं सांगतो. पण आता मला सहा आठवडे गोल कोण देणार? क्लासन नाही, तर राखायचं कुणाला? तिजोरीच रिकामी, तर दारावर माणूस कशाला बसवू?"

"म्हणजे हेन्ड्री."

"रात्रीच फोन करतोय त्याला." कोचचा आवाज खाली आला. "तू चांगला पोरगा आहेस, ब्रॉडी."

ब्रॉडीने मूठ वळली. कोचने ती बघितली आणि हलला नाही. नाक दोनदा मोडलेला माणूस, त्याला काय फरक. ब्रॉडीनेच मूठ सोडली आणि जोनाचा कोट खुंटीवरनं असा खेचला की खुंटीच हातात आली.

बाहेर जायच्या दाराशी पाहुण्यांच्या खोलीबाहेर हालवर्सन एका उलट्या बादलीवर बसला होता. अंगात अजून सगळं चिलखत, पायात स्केट्स नाहीत. आपल्याच माणसावर हात टाकला म्हणून त्याच्या कोचने त्याला उरलेल्या मॅचपुरता बाहेर काढलं होतं.

"हात?" त्याने जोनाला विचारलं.

"मोडला."

"माझ्या धडकांनी बरगडी?"

"शाबूत आहे."

"मी बघूनच मारत होतो," हालवर्सन म्हणाला. ही माफी होती. जोनाने मान हलवली. मग हालवर्सनने ब्रॉडीकडे बघितलं. "तू पहिल्या पाच मिनिटांत हो म्हणाला असतास तर हे काहीच झालं नसतं."

"तू मला सोडून त्याला धरलंस म्हणून झालं."

"तुला कसं धरू? तू बाकावर हातांवर बसला होतास, पोरीसारखा."

"तोंड सांभाळ."

"नाहीतर काय?" हालवर्सन उठला. मोज्यांवर सुद्धा तो मोठाच होता. दोघं छातीला छाती लावून उभे. बोळात दुसरं कुणी नाही, लोकं नाहीत, रेफरी नाही, यादी नाही. ब्रॉडीला त्याच्या दाढीतला घाम दिसत होता. एवढ्या जवळून तो फार तर एकवीसचा वाटत होता.

"तुझी यादी?" ब्रॉडीने विचारलं.

"कट. तुझी?"

"कट."

हालवर्सनच्या नाकातनं हसण्यासारखा आवाज आला. "मग आता कशासाठी?"

"ब्रॉडी," जोना मागनं म्हणाला, "मला उलटी येतेय."

ब्रॉडी मागे सरला. हालवर्सनने दार उघडून धरलं, आणि उणे चौतीसची हवा थोबाडीत बसल्यासारखी आत आली.

*

ट्रक गरम व्हायला वेळ लागला. जोनाला डाव्या हाताने पट्टा लावता येईना. ब्रॉडीने वाकून लावला, नको तितका करकचून. जोनाने डाव्या हातानेच रेडिओ चालू केला. मॅचचं धावतं वर्णन चालू होतं. रॅव्हन क्रीक एक-शून्य पुढे. गोल प्रूडमचा.

ब्रॉडीने रेडिओवर थप्पड मारून बंद केला.

"लाव," जोना म्हणाला.

"नाही."

जोनाने परत चालू केला. ब्रॉडीने परत बंद केला. गाव मागे पडलं. हॉस्पिटल पुढच्या गावात, चाळीस किलोमीटर. दोन्ही बाजूला स्प्रूसची झाडं, सूर्य चारच्या आतच खाली टेकलेला.

"सरळ सांग," ब्रॉडी एकदम म्हणाला. "मी असलेला बरा की नसलेला?"

"आत्ता विचारतोयस? माझा हात बघ."

"आत्ताच विचारतोय. उद्या मी नसेन इथे."

जोना खिडकीकडे बघत होता. गोठलेल्या काचेवर त्याने बोटाने एक रेघ ओढली, सरळ, मग थांबला.

"तू उठून गेलास ना, तेव्हा मला वाटलं सुटलो. पुढच्या चार मिनिटांत दोनदा मी एकटा सुटलो, कुणी अंगावर नाही, कुणी मागे नाही. इतका मोकळा मी ऑक्टोबरपासून पळालो नव्हतो. एवढी मजा आली, ब्रॉडी. खरंच."

"आणि मग?"

"आणि मग हात."

"म्हणजे काय? हे काही उत्तर नाही."

"माझ्याकडे हेच आहे."

ब्रॉडीने स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. हॉर्न वाजला, रिकाम्या रस्त्यावर, कुणासाठीच नाही. त्याला जोनाला उचलून बाहेर बर्फात फेकावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या मनगटाखाली काहीतरी मऊ ठेवावंसं वाटलं. आपला स्वेटर काढून त्याने एका हाताने त्याच्या मांडीवर फेकला.

"त्याच्यावर ठेव हात. हादरे बसतायत."

जोनाने ठेवला. "तू हळू चालवलंस तर बसणार नाहीत."

"हळूच चालवतोय."

"एकशेवीसवर आहेस."

"गप बस," ब्रॉडी म्हणाला, आणि वेगाच्या काट्याकडे बघत बघत पाय उचलायला लागला. एकशेदहा. शंभर. पाय परत दाबायला बघत होता, त्याने तो जागेवर धरून ठेवला.